एसेनच्या पायातला दोर

आमच्या संघात माणसं चार, आणि त्यांतला धडधाकट एकच. घोर लागला होता तो नेमका त्याचाच.

बाकीच्या तिघांची ओळख आधी करून देते. मी बुर्माकान, धाकट्यांची एजे, म्हणजे ताई. लहानपणी ट्रकखाली पाय गेले, तेव्हापासून खुर्चीत. बसून गोळा फेकते आणि जीभ त्याहून लांब फेकते, असं ताश्तान अगाय म्हणतात. अगाय म्हणजे आमचे गुरुजी. साठी उलटलेले, साखरेने पोखरलेले, तरी शिट्टी गळ्यातून काढायचे नाहीत. तिसरी कुंदुस. वर्षाची असताना ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे घेऊन गेला. ती पंधराशे मीटर पळते. आणि चौथा एल्दियार, तिच्या काकाचा मुलगा, तिचा बाइके म्हणजे दादा, आणि तिचा वाटाड्या.

वाटाड्याचं काम सोपं नसतं. दोघांच्या हातात मिळून वीतभर दोर असतो. तो तिच्या पावलाला पाऊल लावून पळतो आणि सतत बोलत राहतो. वळण आलं, झुक, आता सरळ, पुढे दोघी आहेत, बाहेरून काढ. दोर सुटला तर दोघं बाद. वाटाड्या थांबला तर बाद. त्याने तिच्याआधी रेघ ओलांडली तरी बाद. म्हणून मोठ्या देशांचे संघ एकेका धावपटूमागे दोन-दोन वाटाडे आणतात, एक पळायला, एक राखीव. आमच्याकडे राखीव म्हणून अगाय होते, आणि ते जिना चढले तरी भिंतीला टेकायचे.

पात्रता स्पर्धेसाठी ताश्कंदला आलो ते ऐन चिल्ल्यात. तिथल्या उन्हाळ्याच्या या सगळ्यात वाईट दिवसांना तिकडे चिल्लाच म्हणतात. आम्ही डोंगरातली माणसं, भर जुलैत रजई घेऊन झोपणारी. दार उघडलं की तंदूरचं झाकण काढल्यासारखी हवा तोंडावर यायची. माझा गोळा पहिल्याच दिवशी फेकून झाला आणि मी पाचवी आले. पाचवीला कुणी विचारत नाही, त्यामुळे मला सगळ्यांकडे बघत बसायला भरपूर वेळ होता.

कुंदुस मात्र प्राथमिक फेरीतून अंतिम फेरीत गेली. तिथे पहिल्या दोघींत आली तर थेट पॅरालिम्पिकला. आमच्या देशाचं धावपट्टीवरचं कुणी आजवर तिथवर पोचलं नव्हतं. आणि नाही आली तर तेही ठरलेलं होतं. बिश्केकच्या साहेबांनी निघताना तोंडावर सांगितलं होतं की पुढच्या वर्षापासून पळणारे बंद, फक्त वजन उचलणारे पाठवू. कुंदुसला पळण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती बादलीत पाय सोडून बसली होती. मधेच म्हणाली, "एजे, बाइकेचे शब्द कमी झालेत."

"म्हणजे?"

"आधी म्हणायचा, वळण येतंय पोरी, डावीकडे झुक, अजून, हां, आता सोड. आता नुसतं वळण म्हणतो. आज शेवटच्या फेरीत तेही नाही. दोर हलवला फक्त."

"उकाडा किती आहे. माझेसुद्धा शब्द कमी झालेत."

"तुझे नाही झाले," ती म्हणाली, पण हसली नाही. "आणि दोर जड लागतो. तो कधी जड लागत नव्हता. दोरात नुसता त्याचा हात असायचा. आज मधेच तो सगळाच्या सगळा दोरात आला."

मी विषय बदलला, पण तिचं म्हणणं मला पटलं होतं. कारण आदल्याच दिवशी हॉटेलची लिफ्ट बंद पडली होती आणि एल्दियारनेच मला उचलून वर नेलं होतं. वाटेत चेष्टा चालली होती. "एजे, गोळा तूच आहेस, तुलाच फेकलं असतं तर पदक आलं असतं." तिसऱ्या वळणावर तो एकदम थांबला. माझा कान त्याच्या छातीला लागला होता. आत काहीतरी दोनदा जोरात आपटलं आणि मग काहीच नाही. लंगड्या घोड्याने पाय उचलून धरावा तसं. मग पुन्हा सुरू झालं. त्याचं तोंड खडूसारखं पांढरं होतं आणि तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या अंगणातल्या तुतीखाली खरबूज कापून बसलो होतो तेव्हा मी त्याला धरलंच. कुंदुस आत झोपली होती.

"तुला काय होतंय?"

"मला? तुमच्यात मी एकटाच तर धड आहे."

"मला काय मूर्ख समजतोस? जिन्यात तुझी छाती थांबली होती."

तो खरबुजाच्या बिया बोटाने एकीकडे सारत राहिला. "वसंतात एकदा सरोवराकाठी चक्कर आली होती. एकदाच. जिबेकला बोलू नकोस, ती रडून घर डोक्यावर घेईल." जिबेक त्याची बायको. "हे बघ एजे, मी बोललो तर डॉक्टर थांबवणार. मी थांबलो की ती थांबली. बावीस वर्षं सगळ्यांनी तिला थांबच म्हटलंय. पुढे खड्डा आहे थांब, पुढे चूल आहे थांब. पळ म्हणणारा मी एकटा. चार मिनिटांचं तर काम."

मग त्याने विषय बदलायला मोबाइल काढला आणि एसेनचं चित्र दाखवलं. एसेन त्याचा मुलगा, अकरा महिन्यांचा, स्टुलाला धरून उभा, गाल टरबुजासारखे. आता घरी गेल्यावर त्याची तुशो कापायची होती. पोर चालायला लागतं तेव्हा आमच्यात काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा दोर वळून त्याच्या दोन्ही घोट्यांना बांधतात. मुलं लांबून पळत येतात आणि जो पहिला पोचतो तो सुरीने दोर कापतो. त्यानंतर पोराचं पाऊल मोकळं होतं. आणि कापणाऱ्याची चाल पोराला लागते, म्हणून कापणारा नीट पारखून घेतात.

एल्दियारने पारखली होती ती कुंदुस. यावरून खोऱ्यात केवढं रामायण झालं होतं. जिबेकच्या आईने तर सांगून टाकलं होतं की आंधळीने कापली तर पोर आयुष्यभर चाचपडत चालेल. त्यात कुंदुसची स्वतःची तुशो कधी कापलीच गेली नव्हती. दोर वळून तयार होता आणि तिला ताप आला. पुढे ती कुठे ठेचकाळली की बायका हमखास म्हणायच्या, तुशो कापली नाही ना हिची, दुसरं काय होणार. एल्दियारला या बोलण्याची चीड होती.

"या खोऱ्यात तिच्याइतकं जोरात पळणारं दुसरं कोण आहे, सांग," तो म्हणाला आणि खिशातून एक गुंडाळी काढली. काळा-पांढरा दोर, घट्ट पिळाचा. त्याच्या आईने, बातमा अपाने, वळलेला. "अपाने बरोबर दिलाय. म्हणाली, खिशात ठेवून पळ, म्हणजे पळणं त्यात मुरेल. मग एसेनला बांधू."

मी त्याच दुपारी अगायना सगळं सांगितलं, जिना आणि सरोवरसुद्धा. अगायनी स्पर्धेचा डॉक्टर आणला. डॉक्टरने नळी लावली, नाडी पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, बसल्या जागी तर ठीक वाटतंय, पण उद्या इस्पितळात नीट तपासू. उद्या अंतिम फेरी होती.

"परवा तपासा की," एल्दियार म्हणाला. "परवा मी दिवसभर मोकळा आहे."

डॉक्टर खांदे उडवून गेला. वाटाड्याच्या जिवाची जबाबदारी कुणाची, हे त्यालाही नीट ठाऊक नसावं. अगायनी शिट्टी बोटांत फिरवली. मग स्वतः ठरवायचं सोडून ते कुंदुसकडे वळले. "पोरी, पळायचं तुला आहे. तू काय म्हणतेस?" त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की शिट्टी त्याच्या घशात कोंबावीशी वाटली. एवढं ओझं त्या पोरीवर टाकायचं?

कुंदुस एल्दियारच्या बाजूला तोंड करून बसली होती. ती त्याचा श्वास ऐकत होती हे मला दिसत होतं.

"बाइके पळायचं म्हणतो तर पळू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर जाण्याआधी पंच प्रत्येक जोडीचा दोर ओढून बघत होते. आमचा दोर त्यांनी ओढला आणि बाजूला टाकला. नेहमीचाच दोर, पण धुऊन धुऊन लवचिक झाला होता, ताणला की लांबत होता. लांबणारा दोर चालत नाही. अगाय इकडे-तिकडे धावले, कुणाकडे जादा दोर आहे का विचारत सुटले. तोवर एल्दियारने खिशात हात घालून काळी-पांढरी गुंडाळी बाहेर काढली.

"तो नको," मी फाटकाबाहेरून म्हणाले. "एल्दियार, अरे पोराच्या पायात बांधायचा आहे तो."

"आम्ही काही खाणार नाही त्याला. उलट पळणं मुरेल की चांगलं." त्याने दातांनी गाठी मारल्या. पंचाने दोर ओढला, मापला आणि मान डोलावली. आमच्याखेरीज तिथे कुणालाच तो दोर काय आहे हे माहीत नव्हतं. दोन माणसं त्या दोराने एकमेकांना बांधून घेतात असं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. अगाय दुसरीकडे बघू लागले.

कुंदुसने गाठीत बोटं घातली आणि तिला लगेच कळलं. बोटांनी तिने एकदा पीळ चाचपला. "बाइके, हा एसेनचा आहे."

"दोन दिवसांसाठी उसना. जिंकलीस की तूच कापणार आहेस, मग?"

नियमाप्रमाणे तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली गेली आणि ते दोघं उन्हात गेले.

पहिल्या दोन फेऱ्या ती चौथी होती. माझ्यासमोरून गेले की एल्दियारचा आवाज ऐकू यायचा, "सरळ, सरळ, सैल धाव." तिसऱ्या फेरीत तिने एकीला मागे टाकलं, मग आणखी एकीला, आणि शेवटची घंटा वाजली तेव्हा ती दुसरी होती. अगाय कठड्यावर शिट्टी आपटत होते. मीही खुर्चीत अर्धी उठले होते, हातांवर.

ते माझ्यासमोरून शेवटच्या वेळी गेले तेव्हा आवाज आला नाही. नुसते पाय वाजले. चार पायांचा आवाज एक यायला हवा, तो एक येत नव्हता. एल्दियारचं तोंड उघडं होतं आणि नजर पुढे कुठेतरी, फार लांब. शेवटच्या वळणावर त्याचा खांदा खाली गेला. दोर ताठ झाला. कुंदुसचा हात मागे ओढला गेला, अर्धं पाऊल ती अडली आणि तिसरी मागून जवळ आली.

"पळ," अगाय ओरडले. "पळ, पोरी, पळ." मीही तेच ओरडत होते. आम्ही दोघंच काय, भोवतालचे अनोळखी लोकही आपापल्या भाषेत तेच ओरडत होते.

कुंदुसने हात पुढे झटकला आणि ती पळाली. छाती काढून, मान खाली घालून, जसं कुणी गाडा ओढतं तसं. तिने रेघ ओलांडली. एल्दियार तिच्या मागे एक हात होता, नियमात हवा तसा. रेघेच्या पलीकडे तो गुडघ्यांवर आला आणि मग तोंडावर. दोर दोघांच्या बोटांत तसाच होता. तिला वाकावं लागलं.

डॉक्टर धावत आला, कालचाच. त्याने छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. उन्हात ते सगळं फार वेळ चाललं. कुंदुस पट्टी न काढता शेजारी बसून राहिली. तिला विचारलं, पळताना काही जाणवलं का, तर म्हणाली, "मला काही कळलं नाही." फलकावर तिचं नाव दुसरं होतं. पंचांनी धाव तपासून पाहिली आणि काही चूक सापडली नाही.

एल्दियारचा देह आम्ही आमच्याच विमानाने घरी आणला. विमानतळावर पदकासाठी फुलं आली होती आणि त्याच्यासाठी नातेवाईक. दोन्ही गर्दी एकमेकांत मिसळली आणि कुणाला काय म्हणावं हे कुणालाच कळेना. खोऱ्यात पोचलो तेव्हा बातमा अपाने एल्दियारच्या बोटांतला दोर मागून घेतला आणि छातीशी धरला.

बापाचा चाळिसावा दिवस झाला तरी एसेन चालत नव्हता. स्टुलाला धरून उभा राहायचा, सोडला की बसायचा. लोक म्हणत, दुखवट्यात तुशो कापू नये, वर्ष जाऊ द्या. बातमा अपा म्हणाली, पोराचे पाय वर्षभर कुणाची वाट बघतील? बापाचा शब्द आहे, कुंदुसच कापेल. आता या शब्दाला आड येणार कोण? पदकवाली होती ती. जिबेकची आईसुद्धा तोंड मिटून बसली.

तुशोच्या दिवशी मला घ्यायला त्यांनी गाडी पाठवली होती. अंगणात ना वाद्य ना हशा. चटईवर तळलेल्या कणकेचे बोरसोक आणि चहा. बायका काळ्या रुमालात. एसेनला रजईवर बसवलेलं, घोट्यांना काळा-पांढरा दोर बांधलेला. तोच होता. अपाने दुसरा वळला नव्हता. ज्यात बापाचं पळणं मुरलंय तोच हवा, असं तिचं म्हणणं.

पळायला चारपाच मुलं उभी केली होती आणि त्यांना ताकीद होती की हळू पळा. कुंदुस अंगणाच्या त्या टोकाला, हातात सुरी. जिबेक पोरामागे उभी राहिली आणि आवाज देऊ लागली, "सरळ. सरळ ये. सरळ." तिला ठाऊक नसेल, पण शब्द नवऱ्याचेच होते. कुंदुस धावली. हातातली उघडी सुरी उन्हात चमकत होती आणि पोर समोर पाय बांधून बसलं होतं.

"थोडं राहिलं. थांब," जिबेक म्हणाली, आणि कुंदुस पोरासमोर गुडघ्यांवर बसली.

तिने डाव्या हाताने पोराचे पाय शोधले. एसेन खिदळला, त्याला गुदगुल्या झाल्या. तिची बोटं घोट्यावरून गाठीवर आली आणि तिथेच थांबली. तिने पीळ चाचपला, त्या दिवशी चाचपला होता तसाच.

"अपा, हा तोच?"

"तोच. तुझं पदकही त्यातच आहे. काप, माझे बाई."

"कापणाऱ्याची चाल लागते ना पोराला?"

मागे कुणीतरी कुजबुजलं. डोळे, एवढाच शब्द माझ्या कानावर आला. कुंदुसनेही ऐकला.

"डोळ्यांना भिऊ नका," ती म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "डोळे दोरातून जात नाहीत. शेवटच्या वळणावर बाइके बोलायचा थांबला. दोर खाली गेला. तो दोराला लटकला होता. मला कळलं होतं. मी थांबले असते तर तो खाली बसला असता, पाणी प्यायला असता. मी थांबले नाही. मी त्याला ओढत रेघेपर्यंत नेलं." तिने सुरी रजईवर ठेवली. "माझी चाल याला नको."

आणि ती गाठ सोडवू लागली.

"सोडवू नकोस," बातमा अपा ओरडली. "तुशो सोडवत नाहीत, कापतात." पण एल्दियारने दातांनी गाठ मारली होती त्याच ठिकाणी अपाने पुन्हा मारली होती, आणि कुंदुसची बोटं गाठींना सरावलेली. दोर अख्खाच्या अख्खा निघाला. तिने तो पोराच्या बाजूला ठेवला आणि उभी राहिली. एसेनने लगेच त्याचं टोक तोंडात घातलं.

कुंदुस जिबेकच्या दिशेने तोंड करून थांबली होती. आता कुठे जायचं हे कुणीतरी सांगेल म्हणून.

शेवटी जिबेक बोलली. तिचा चेहरा मी बघू शकले नाही.

"उजवीकडे वळ," ती म्हणाली. "आता सरळ. सरळ. फाटक उघडं आहे. जा."

कुंदुसने मान हलवली आणि सांगितलं तशी निघाली. बायका बाजूला सरल्या. ती चालत नव्हती, हळू पळत होती, तिची सवयच तशी. हाताने फाटकाचा खांब चाचपला आणि बाहेर पडली. जिबेक गप्प झाली.

फाटकाबाहेर सरळ समोर पाट आहे. धरणाचं पाणी सोडलं की तुडुंब वाहतो. अंगणात बसलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता.

"थांब," मी ओरडले, घसा फाटेल एवढ्याने. "कुंदुस, थांब."

या वेळी ती थांबली.